या घरातलं माहं नाव

ता. २१ नवंबर १९३९

गीता,

पहिले माफी मागतो. माहं अक्षर तुले ठाऊकच हाय, अन् ऱ्हस्व दीर्घ तर मले तिसरीतही समजले नव्हते. हातही लय सावकाश चालते. एवढं लिहेपर्यंत दुपारची भाकर थंडी झाली.

सुरुवात कशी करा तेही समजून नाई राह्यलं. शाळेत मास्तरनं बापाले कसं लिहाचं अन् सायबाले कसं लिहाचं ते शिकवलं होतं. बायकोले कसं लिहाचं ते चौथीत असन. मी चौथीत गेलोच नाई. म्हणून नुसतं गीता लिहलं. चुकलं असन तं सांग.

तू मलकापूरले जाऊन आज पंधरा दिवस झाले. मावशीकडे तुले करमते का? अन्नपूर्णाबाईची शाळा मावशीच्या घरून किती दूर हाय? इथं सगळे खुशाल. तुह्या मायचा गुडघा दुखते. मामाजी ओसरीवर बसतात अन् मलकापूरहून जळगावले जाणारी मोटर फाट्यावर वाजली की उठून पाह्यतात, मंग पुन्हा बसतात. कापसाची वेचणी चालू हाय. तुही पाटी मी आड्यावर ठेवली, खाली ठेवली तं उंदरं चौकट कुरतडतात.

त्या सभेचं मी काहीच लिहत नाई. तुले माहीतच हाय.

तू गेली तेव्हा मी गोठ्यात होतो. मोटरीचा आवाज आला तेव्हा समजलं. बाहेर येणार होतो, पण हातात शेण होतं.

खाली सही कोणत्या नावानं करा, माह्या मायनं ठेवलेल्या का तुह्या मायनं ठेवलेल्या, याचा मी लय इचार केला. राहू दे. अक्षरावरून ओळखशीनच.


ता. ३ डिसेंबर १९३९

गीता,

माहं पत्र परत आलं. तू लाल शाईनं सगळ्या चुका काढल्या, सत्तावीस. बाकी तुह्या हातचा एक शब्द त्यात नाई. मी मागून पुढून दोनदा पाह्यलं, पाकीटही फाडून पाह्यलं. मंग सत्तावीस शब्द वहीत उतरवले. तुले रागातही शिकवाचं सुचते.

मागच्या पत्रात सभेचं लिहत नाई असं म्हणलं होतं. पण तू सभेतून मधातच उठून गेली. तुले वाटत असन मी हे ठरवून केलं. म्हणून आता लिहतो. पण त्याच्या आधीचं एक सांगा लागन. ते मी तुले कधी सांगतलं नाई, तूही विचारलं नाई.

आम्ही चार भाऊ. वावर एका घराले पुरन एवढंच. अन् शेषरावाले, म्हणजे मामाजीले, तू एकटीच पोरगी. बापानं तिसऱ्याले देऊन टाकलं. तिसरा मी. मले कोणी विचारलं नाई, तुलेही विचारलं नसन. मी चौदाचा, तू बाराची. इकडे शारदा कायद्याची भीती, म्हणून आपलं लग्न निजामाच्या मोगलाईत जाऊन लागलं, आठवते का? तुले गाडीत झोप लागली होती.

पोरगी सासरी निघाली की सगळी आळी रडते. माय ओटी भरते, बाया येशीपर्यंत येतात. मी मेहकराकडून इकडे निघालो तेव्हा माय आत चुलीजोळ बसून राह्यली. बाप म्हणे, तुले काय धाड भरली, माणसाची जात हाय, तिथं आयतं वावर हाय. येशीपर्यंत कोणी आलं नाई. माहं कुत्रं आलं होतं, त्याले धाकल्यानं दगड मारून परत नेलं.

इथं पहिल्या दिवशी तुह्या मायनं नाव विचारलं. मी निवृत्ती म्हणलं. तिनं पदर तोंडाले लावला अन् आत गेली. मले वाटलं काही घाण बोललो. मंग मामाजीनं सांगतलं की त्याहचे वारलेले मोठे भाऊ, त्याहचं नाव निवृत्ती होतं. तुही माय भासऱ्याचं नाव कसं घेईन? उभ्या जन्मात तिनं ते नाव उच्चारलं नाई. आता घरच्या पोराले कामाले हाक मारा लागन, तं काय म्हणून मारा? म्हणून मोतीराम ठेवलं. त्या वर्षी एक बैल मेला होता, त्याचं नाव मोती होतं. तेच सोपं पडलं असन.

तवापासून मी मोतीराम. गड्यालेही मोतीराम, दुकानदारालेही मोतीराम. फक्त तू निवृत्ती म्हणत होती. गोठ्याच्या मागं, कोणी नसलं की. तू म्हणायची, नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये, अन् या घरात माह्या नवऱ्याचं नाव मोतीराम हाय, ते मी घेत नाई. निवृत्ती तं माह्या मोठ्या बाबाचं नाव, ते घ्याले कोणाची चोरी?

मले तुहं डोकं लय तेज वाटलं होतं.

आता सभा. मलकापूरहून आलेल्या अन्नपूर्णाबाई आधी बोलल्या, तेव्हा तू पोरींमधात पारावर बसली होती अन् मी खाली खांबाजोळ. बाई म्हणे, पोरीचं लहानपणी लग्न होते, तिचं घर सुटते, शाळा सुटते, नाव बदलते, अन् तिले कोणी विचारत नाई. म्हणून गावानं पोरींच्या पाचवीच्या वर्गासाठी एक खोली द्यावी, मास्तरीण शाळा चालवणारं बोर्ड देईन. गीता, मले वाटलं ह्या माह्याबद्दलच बोलून राह्यल्या. घर, शाळा, नाव. मी मोजत होतो. फक्त त्या पोरगी म्हणत होत्या.

मंग वामनराव उठले. पेपर वाचणारा माणूस, त्याहचं बोलणं गावाले आवडते. म्हणे, बाई एकाच डोळ्यानं पाह्यतात. बरोबरी बरोबरी म्हणतात, पण पुरुषाचं दुःख कोण बोलन? आमच्याच गावात एक पोरगा हाय, त्याचंही घर सुटलं. मंग माह्याकडे पाह्यलं.

"उठा जवाईबापू. लाजू नका. तुम्हाले कसं वाटते ते सांगा."

तीन वर्षांत मले कसं वाटते हे पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. म्हणून मी उठलो. दुसरं काही कारण नव्हतं.

मी सरकीच्या कोठ्याचं सांगतलं. पोत्यांमधात झोपतो, पावसाळ्यात वास येते. गड्याचं जेवण झाल्यावर मले ताट मिळते, ते सांगतलं. अन् नावाचं सांगतलं. मागून कडूबा म्हणे, अरे हे तं सूनच झाली बे, हिले कुंकू लावा. सगळे हासले. मी खुळा, मलेही हासू आलं. वाटलं, चाला, आता हे लोक माह्या बाजूचे झाले.

वामनरावनं लय मऊ आवाजात विचारलं, मंग तुमचं खरं नाव आता कोणीच घेत नाई म्हणा की.

मी म्हणलं, "गीता घेते."

मले तुही तारीफ करायची होती. सगळ्या गावात एकच जण मले माह्या नावानं बोलावते, हे कोणाले तरी सांगावं असं तीन वर्षांपासून वाटत होतं. ते निघून गेलं तोंडातून.

मंग वामनराव लोकांले काय म्हणे ते तू ऐकलं. "ऐका. चौथी शिकली तं नवऱ्याले नावानं हाका मारते. पाचवी शिकल्यावर काय करन ते तुम्हीच सांगा." तू उठली तेव्हा तुह्या मायची मान खाली होती. त्याच्या नंतर हात वर झाले. खोलीच्या बाजूनं नऊ हात. तिकडचे मी मोजले नाई. माहा हात कुठंच नव्हता.

मी खोटं नाई बोललो गीता. कोणी इळा मागते, आपण देतो, अन् मंग पाह्यतो तं आपल्याच ज्वारीत शिरला. तसं झालं.

याच्यात किती चुका निघाल्या ते कळव.


ता. १९ डिसेंबर १९३९

गीता,

मागचं पत्र परत आलं नाई. म्हणजे तू ठेवून घेतलं असं मी समजतो. फाडलं असन तं तसंही सांगू नको.

मी एक खुळेपणा केला. वामनरावकडे गेलो. मले वाटलं ते पुरुषाची बाजू घेतात, तं माहीही घेतील. माहं म्हणणं एवढंच होतं की त्याहनी मामाजीले शब्द टाकावा, मले सकाळच्या पहरी पोरांच्या शाळेत चौथीत बसू द्यावं, नऊ वाजता मी वावरात जाईन. तुले हे कधी बोललो नव्हतो. तू वाचत बसायची अन् मी तुह्या मागं उभा राहून पाह्यचो, तुले वाटायचं पाणी मागाले आलो.

बैठकीत चार माणसं होती. वामनरावनं मान वर केली अन् म्हणे, कोण? मी सांगतलं. मंग म्हणे, हां हां, शेषरावचा जवाई. मी माहं म्हणणं सांगतलं. ते चौघांकडे पाहून हासले.

"लग्न झालेला माणूस पाटी घेऊन बसते का बे? तुले काय कमी हाय? फुकटची सासुरवाडी हाय."

मी म्हणलं, सभेत तं तुम्हीच म्हणत होते.

म्हणे, ते सभेतलं. बायांले उत्तर द्यावं लागते. नाई तं त्या डोक्यावर बसतात. जाता जाता म्हशीले पाणी दाखव.

अन् मी दाखवलं गीता. काऊन दाखवलं ते मले अजून समजलं नाई. तीन म्हशी होत्या.

आता दुसरी गोष्ट, ही खरी कामाची. अन्नपूर्णाबाईनं वर अर्ज केला म्हणतात, म्हणून शाळा तपासणारे डिप्टीसाहेब ता. ३० ले स्वतः येऊन चौकशी करणार हायेत. बाईनं जी खोली मागतली ती आपलाच सरकीचा कोठा हाय, शाळेच्या भिंतीले लागून हाय म्हणून. गावानं उत्तराचा कागद तयार केला. कागद वामनरावच्या हातचा हाय. त्यात लिहलं हाय की कोठा रिकामा नाई, त्यात घरजवाई राह्यते, अन् गरीब पोराले थंडीवाऱ्यात काढणं गावाले बरं दिसत नाई.

तीन वर्षं मी त्यात उंदरांसंगं झोपलो, कोणाले बरं वाईट दिसलं नाई.

मामाजीनं तो कागद माह्यापुढं ठेवला. म्हणे, खाली सही कर. तुले दुसरी जागा नाई एवढंच हाय त्यात, अन् ते खरंच हाय. ते माह्याकडे पाहून बोलत नव्हते. तुहे बाबा वाईट नाई, तुलेही ठाऊक हाय. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून पानटपरीवर लोक त्याहले विचारतात, शेषराव, पोरीनं आज कोणाचं नाव घेतलं? ते पान न खाताच घरी येतात.

मी म्हणलं, हात धुऊन येतो. अन् वावरात निघून गेलो. कागद अजून कोनाड्यात हाय. रोज जेवाले बसलो की समोर दिसते. ताट मात्र आता गड्याच्या आधी येते. हे तुह्या मायनं केलं. सभेत ऐकलं म्हणून केलं का, ते मी विचारलं नाई. मले खाली पाहून जेवा लागते.

तुले काय वाटते? सही केली तं माही जागा राह्यते. नाई केली तं मी कुठं झोपू, हा प्रश्नच हाय, तो काही वामनरावनं बनवलेला नाई. मले तुह्याकडून हाव किंवा नाई एवढंच पाह्यजे. लाल शाईनं लिहलं तरी चालन.


ता. ६ जानेवारी १९४०

गीता,

तुहं उत्तर आलं नाई. मी तीसच्या सकाळपर्यंत वाट पाह्यली. पोस्टाचा माणूस फाट्यावरूनच पुढं गेला.

मंग मी कोठा खाली केला. अकरा पोते सरकी होती, एकट्यानं गोठ्याच्या माळ्यावर नेली. आतून झाडलं, शेणानं सारवलं. उंदरांचं बीळ चिखलानं बुजवलं. माही वाकळ अन् लोटा घेऊन मळ्यातल्या झोपडीत ठेवून आलो. आल्यावर कोठ्याचं दार उघडंच ठेवलं, येणाऱ्या जाणाऱ्याले दिसावं म्हणून. तुही माय दारात उभी राहून पाहत होती. थोड्या वेळानं आतून खराटा आणला अन् मी झाडलेलं पुन्हा झाडलं.

डिप्टीसाहेब पारावर बसले. वयस्कर माणूस, सर्दी झालेला. वामनरावनं कागद वाचून दाखवला. साहेब म्हणे, याच्यावर त्या पोराची सही नाई. कुठं हाय तो?

मले लोकांनी पुढं ढकललं. तुले माहीत हाय, मले दुकानात गूळ मागतानाही घाम येते.

साहेबानं विचारलं, कोठ्यात तुम्ही राह्यता का?

मी म्हणलं, "राह्यत होतो साहेब. आता नाई."

वामनराव हासून म्हणे, बायको रुसून गेली न साहेब, तिच्या धाकानं बोलून राह्यला. हेच तं पुरुषाचं दुःख हाय. लोक हासले. कडूबाही हासला, पण या बारीले मले हासू आलं नाई.

मी म्हणलं, "दुःख हाय साहेब. तुम्ही बसता तं सगळं सांगतो. पण ते मी कोठा अडवाले देत नाई."

एवढंच आलं. अजून लय होतं, रस्त्यानं येताना जुळवलं होतं, ते सगळं राहून गेलं. साहेबानं नाक पुसलं अन् मामाजीकडे पाह्यलं. मामाजीनं जोड्याकडे पाह्यलं. मंग म्हणे, कोठा माहा हाय. रिकामा हाय.

साहेबानं लिहून घेतलं. सहा महिन्यांसाठी मंजूर. दहा पोरी पाह्यजेत, नाई तं बंद. गावात चौथी पास झालेल्या पोरी तीनच हायेत, तुले धरून चार. आसपासच्या गावातून बाकीच्या येतील का, हे अन्नपूर्णाबाईले विचार. तुले ये म्हणून मी लिहत नाई. तिथली शाळा मोठी असन, फळा भिंतीले असन. इथं अजून सरकीचा वास हाय. मी फक्त झालं ते सांगतलं.

बाईले माह्याकडून एक विचारशील का? त्या पुढं कुठं भाषण करतील तेव्हा पोराचंही एखादं वाक्य त्यात घेतील का? शेवटी घेतलं तरी चालन. त्याहनी घेतलं नाई तं मंग ते वामनरावच घेतात.

घरी परत येताना मामाजी पुढं अन् मी मागं चालत होतो. येशीत ते थांबले. म्हणे, झोपडीत वारा लागते का? मी म्हणलं, लागते. ते म्हणे, हां. अन् चालू लागले. दुसऱ्या दिवशी झोपडीच्या उत्तरेकडून कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या दिसल्या. कोणी रचल्या ते कोणी सांगतलं नाई.

मळ्यात बरं हाय. पण बोलाले कोणी नाई. संध्याकाळी ज्वारीतले पाखरं उडवाले मी हाका मारतो तेवढाच माहा आवाज माह्या कानावर येते. एक दिवस कोणी नव्हतं तेव्हा मी माहंच नाव घेऊन हाक मारून पाह्यली. तू म्हणायची तसं ते झालं नाई. तू मधातलं अक्षर जरा वढायची.

सभेत मी ते सांगाले नको होतं. ते तुहं अन् माहं होतं. मले माफ कर असं लिहाले मले चार पत्रं लागली.

हाव, एक राह्यलंच. काल आपल्या मळ्यातल्या इहिरीत बिबट पडला. सातपुड्यातून पाण्याले आला असन. मी सकाळीच बैलं घेऊन नदीवर गेलो होतो. गड्यानं गावात जाऊन सांगतलं की इहिरीत काहीतरी धपकन पडलं अन् जवाई झोपडीत नाई. तुही माय तसल्या गुडघ्यानं पळत आली, डोक्यावर पदर नाई, अन् काठावर वाकून निवृत्ती, निवृत्ती म्हणून वरडत होती. अर्धं गाव मागं उभं होतं. मी बैलं घेऊन आलो तेव्हाही वरडतच होती. खालून बिबट गुरगुरला तेव्हा चूप झाली. आता दोरानं खाली बाज सोडली हाय. तो बाजेवर बसला हाय अन् जो वाकन त्याच्याकडे पाह्यते. जंगलवाले आले की वर काढतील, त्याले तीन चार दिवस लागतील म्हणतात. पाहाचा असन तं मंगळवारच्या मोटरनं ये.